वायपर आधी, इंडिकेटर नंतर

फ्रँकफुर्ट विमानतळावरून भाड्याच्या गाड्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांत भारतातून आलेला चालक ओळखायला पासपोर्ट बघावा लागत नाही. लख्ख ऊन पडलेलं असतं, काच कोरडी ठणठणीत असते आणि एका गाडीचे वायपर मात्र कर्र-कर्र करत फिरत असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताशी, वायपरची डाव्या हाताशी. तिकडे उलट. चाळीस वर्षांची सवय वळण दिसलं की उजवा हात हलवते. आपण वळतोय हे मागच्याला कळतच नाही, काच तेवढी पुसली जाते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी अशाच एका गाडीत चिंचवडचं एक निवृत्त जोडपं होतं. तो ६६ वर्षांचा, ती ६३ची. त्यानं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत पस्तीस वर्षं काढलेली. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. याआधी एकदा दोघं टूर कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले होते. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस, असा तो ‘सहा-सात-आठ’चा प्रसिद्ध पाढा. त्या सहलीतले फोटो बघताना कुठला पूल कुठल्या देशातला यावरून घरात अजून वाद होतात. म्हणून या वेळी स्वतः गाडी चालवायची, एकवीस दिवस फिरायचं, जर्मनीचा नैर्ऋत्य कोपरा, जमलं तर फ्रान्समधला आल्सास आणि स्वित्झर्लंड बघायचं, असं ठरलं. मुलीनं एक्सेल शीट करून दिली. त्यात पहिल्याच दिवशी दुपारी हायडलबर्गचा किल्ला होता.

नाव-गाव बदललं तरी अशी जोडपी आता ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोथरूड अशा सगळ्या ठिकाणांहून निघू लागली आहेत. त्यांच्याबद्दल नातेवाइकांत दोनच मतं ऐकू येतात. एक, “या वयात कशाला नसती उठाठेव?” दुसरं, “काही होत नाही हो, तिकडे शिस्त असते, गाडी आपोआप चालते.” पहिल्या मताकडे दुर्लक्ष केलेलं बरं. दुसरं मात्र धोक्याचं आहे. तिकडे शिस्त असते याचा अर्थ नियम सगळ्यांना पाठ असतात, आणि पाठ नसलेला रस्त्यावरचा एकटा माणूस आपण असतो. मुंबई-पुण्यात समोरचा चुकणारच असं धरून सगळे चालवतात. तिथे समोरचा चुकणार नाही असं धरून चालवतात. आपण चुकलो तर सांभाळून घेणारं तिथे कुणी नसतं.

म्हणून या लेखाचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकायला हरकत नाही. युरोपात स्वतः गाडी चालवत फिरणं निवृत्तांना झेपतं. त्यांच्याइतका निवांत वेळ दुसऱ्या कुणाकडे असतो? मात्र पहिले तीन दिवस स्थळं बघण्याच्या खात्यातून वजा करायला हवेत. ते रस्ता शिकण्याचे दिवस आहेत, आणि शिकायचं आहे ते दोघांनी.

पहिला दिवस सहसा विमानतळावरच बिघडतो. मुंबईहून थेट जाणारी विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात आणि नऊएक तासांनी सकाळी उतरतात. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे पायांना सूज, डोळ्यांत दोन तासांची झोप आणि समोर अख्खा दिवस. पासपोर्टच्या रांगेत, ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू झालेल्या नव्या पद्धतीनुसार, चेहऱ्याचा फोटो द्यायचा. मग सामान. मग गाडीचा काउंटर. रात्रभर एसटीत बसून पहाटे स्वारगेटला उतरलेल्या प्रवाशाच्या हातात कुणी लगेच दुसऱ्या एसटीचं स्टिअरिंग देईल का? इथे नेमकं तेच होतं, आणि वर आपण त्याचे पैसे भरतो.

काउंटरवरचे दोन क्षण महत्त्वाचे असतात. पहिला क्रेडिट कार्डाचा. गाडी चालवणार त्याच्याच नावाचं कार्ड लागतं आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. मुलाचं कार्ड, डेबिट कार्ड, रोख रक्कम यांवर अनेक ठिकाणी भागत नाही. हे त्याला माहीत होतं. ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवली होती, कारण तिकडे भाड्याच्या साध्या गाड्या अजूनही पुष्कळदा हातानं गिअर टाकायच्या असतात, आणि गिअरही पुन्हा उजव्या हातानं. आपला परवाना आणि आरटीओतून हजार रुपये भरून मिळणारं, वर्षभर चालणारं आंतरराष्ट्रीय परमिट दोघांचंही जवळ होतं. दुसरा क्षण मात्र त्यानं घालवला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, दुसरा चालक आहे का? दर दिवसाला वेगळा आकार पडेल. तो म्हणाला, “लागणार नाही.”

तिनं काही म्हटलं नाही. वीस वर्षं ती स्वतःची गाडी घेऊन शाळेत जात होती, पावसाळ्यातल्या पिंपरीच्या पुलाखालून आणि सकाळी सातच्या रिक्षांमधून. पण दोघं एका गाडीत बसले की ती डावीकडे बसणार, हे आपल्या घरांत न बोलता ठरलेलं असतं. आता ती उजवीकडे बसली, एवढाच काय तो फरक.

विमानतळातून बाहेर पडलं की दक्षिणेला जाणारा ए-पाच हा महामार्ग लागतो. या रस्त्याचा इतिहास माहीत नसलेलाच बरा, निदान त्या सकाळी तरी. फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट हा तुकडा १९३५ साली खुला झाला, आणि जानेवारी १९३८ मध्ये रुडॉल्फ काराचिओलानं याच रस्त्यावर मर्सिडीज-बेंझ ताशी ४३२ किलोमीटरच्या वर पळवली. त्याच दिवशी तो विक्रम मोडायला निघालेला बेर्न्ट रोझमायर याच रस्त्यावर अपघातात गेला. आज या महामार्गांच्या बऱ्याच भागांवर वेगाची सक्तीची मर्यादा नाही, फक्त १३०चा सल्ला आहे. डावी लेन ओलांडून पुढे जाण्यापुरती वापरायची आणि लगेच उजवीकडे यायचं. उजवीकडून कुणाला ओलांडायचं नाही. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उजवी लेन ज्याला सापडली त्याची वडिलोपार्जित असते. तिथून आलेल्या माणसाला शंभरच्या वेगानं डाव्या लेनमध्ये रेंगाळण्यात काही गैर वाटत नाही, आरशात ठिपका दिसेपर्यंत. तो ठिपका पुढच्या तीन सेकंदांत मागच्या बंपरला टेकल्यासारखा दिसतो.

“अहो, लेन.”

“बघतोय गं.”

“बघताय कुठे, वायपर लावलेत तुम्ही.”

हायडलबर्ग ऐंशीएक किलोमीटरवर. दोन तास लागले. किल्ला राहिला, दुपारी तीनला खोलीत जाऊन झोपले ते रात्री तीनला जागे झाले. शरीराच्या हिशेबानं चिंचवडला सकाळचे साडेसहा वाजले होते आणि चहाची वेळ झाली होती.

रात्री तीनचा तो चहा हा अशा सहलींचा खरा पहिला कार्यक्रम. खोलीतल्या किटलीत पाणी उकळायचं, पाकिटातला उपमा भिजवायचा, डबा उघडायचा. डब्यात काय असावं याचेही नियम आहेत, आणि ते गमतीचे आहेत. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे चिवडा चालतो, चकली चालते; पेढे, श्रीखंडाची वडी आणि तुपाची बरणी चालत नाही. फळांचंही तसंच. प्रमाणपत्राशिवाय फक्त पाच फळं नेता येतात: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. ऐन मे महिन्यात हापूस घरी ठेवून जावं लागतं, पण नव्या गाडीपुढे वाढवायला नारळ खुशाल नेता येतो. चाकाखाली ठेवायचं लिंबू मात्र तिकडेच विकत घ्यावं.

रविवारी सकाळी दूध आणायला तो बाहेर पडला आणि रिकाम्या हातानं परत आला. सगळी सुपरमार्केटं बंद. जर्मनीत रविवारच्या सुट्टीला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. दुकानं बंद, उघडे काय ते पेट्रोलपंप, मोठी रेल्वे स्थानकं आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या. शनिवारी उतरणाऱ्या मराठी पाहुण्याला हे कुणी आधी सांगत नाही. त्यानं बेकरीतून ब्रेड आणला आणि एक निष्कर्षही: “आज गाडी शिकायला बरा दिवस आहे.” हा निष्कर्ष अचूक होता. साडेसात टनांवरच्या मालमोटारींना तिथे रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते. रस्ते मोकळे, हवा छान, घाई कुणालाच नाही.

त्या रविवारी त्यांनी शहराबाहेरच्या गावांतून जेमतेम चाळीस किलोमीटर गाडी फिरवली आणि वाहतुकीची अख्खी बाराखडी गिरवली. गावाच्या नावाची पिवळी पाटी हा त्यातला पहिला धडा. तिच्यावर वेगाचा आकडा लिहिलेला नसतो. पण ती पाटी ओलांडली की मर्यादा ताशी ५०, आणि त्याच नावावर लाल रेघ मारलेली पाटी आली की पुन्हा १००. आपण आकड्याची गोल पाटी शोधत राहतो आणि गावातल्या आजींसमोरून ऐंशीनं निघून जातो. दुसरा धडा त्याहून अवघड. जिथे कुठलीच पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येणारा का असेना. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरच्याला आणि मोठ्या गाडीवाल्याला आधी वाट मिळते. तिथे एखादी मुलगी छोट्या गाडीतून घरांमागच्या बोळातून आली तरी तिचा हक्क पहिला. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी असेल तर आपला रस्ता थोरला.

तिसरा धडा त्यांना एका अरुंद गल्लीत मिळाला. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक गाडी आली, थांबली आणि तिनं दिव्यांची उघडझाप केली. त्यानं लगेच ब्रेक दाबला. आपल्याकडे दिवे मारण्याचा अर्थ एकच: मी येतोय, तू थांब. समोरची गाडी हलेना. पुन्हा दिवे. हाही हलेना. शेवटी समोरच्या वयस्क बाईंनी काचेआडून हातानं “या, या” अशी खूण केली, पाहुण्यांना पानावर बसवताना करतात तशी. तिकडे त्याच उघडझापीचा अर्थ सहसा असतो: तुम्ही आधी या. एकच दिवा, दोन देशांत दोन विरुद्ध वाक्यं. ही गोष्ट कुठल्या प्रवासवर्णनात वाचून लक्षात राहत नाही. गल्लीत अडकूनच कळते.

या सगळ्या वेळात पाट्या वाचायचं काम ती करत होती. शेजारच्या आसनावर बसणं हे आरामाचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते परक्या देशात करून पाहावं. फोनमधली बाई “तीनशे मीटरनंतर उजवीकडे” म्हणते तेव्हा चौकात उजवीकडे जाणारे दोन फाटे असतात. एकीकडे पाटी जर्मनमध्ये, दुसरीकडे मागून येणारा सायकलस्वार, वर नवऱ्याचं “सांग ना लवकर”. बहुतेक जोडप्यांची पहिल्या तीन दिवसांतली भांडणं याच आसनावरून होतात. चालवणाऱ्याला वाटतं ही नीट सांगत नाही, सांगणारीला वाटतं हा ऐकत नाही. दोघांचंही खरं असतं. यावर उपाय एकच: कामांची अदलाबदल. अर्धा तास नकाशा हातात घेतला की नवऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

दुपारी दोघं नदीकाठानं पायी फिरली. हायडलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं. तिच्या लक्षात होतं ते वेगळंच: धनगरांचे, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. जेजुरीच्या पायऱ्या आणि माणदेशातले वाडे तुडवणारा हा माणूस १९९२ साली गेला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा ही तिन्ही नावं शीर्षकात मिरवणारं त्याचं जर्मन पुस्तक १९७६ चं. टूरच्या बसमधून हेच शहर त्यांनी चाळीस मिनिटांत पाहिलं होतं, चॉकलेटच्या दुकानासह. तेव्हा हे आठवायला वेळच नव्हता.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, “माझं नाव घाला त्या कागदावर.” गाडीच्या कंपनीच्या गावातल्या कार्यालयात जाऊन त्यांनी तिचा परवाना दाखवला, जादा पैसे भरले. कागदावर नाव नसताना स्टिअरिंग हातात घेतलं तर अपघातात विमा हात वर करतो. म्हणून रविवारी ती एकदाही तिकडे बसली नव्हती. यात तिचा समजूतदारपणा दिसतो आणि त्याची काटकसरही.

पुढे जे झालं ते योगायोगानं झालं, पण योगायोग देखणा होता. ती पहिल्यांदा ज्या रस्त्यावर गाडी घेऊन निघाली तो हायडलबर्गहून दक्षिणेला वीसलोखला जातो, आणि जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास याच वाटेनं झाला होता. ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझनं तीन चाकी मोटारीचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये घेतलं होतं, पण घ्यायला कुणी धजत नव्हतं. मग ३९ वर्षांच्या बेर्था बेंझनं नवऱ्याला न सांगता पहाटे ती गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बसवलं आणि मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला आईकडे निघाली. वाटेत इंधन संपलं. पेट्रोलपंप नावाची गोष्ट जगात नव्हती. वीसलोखच्या औषधाच्या दुकानात डाग काढायला लिग्रोइन नावाचं द्रव विकत. तिनं ते घेऊन गाडीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा वाटेतल्या चर्मकाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. ज्या ऑगस्टमध्ये कार्लला सरकारकडून रस्त्यावर गाडी चालवण्याची लेखी परवानगी मिळाली, त्याच ऑगस्टमधली ही गोष्ट. परवानगी नवऱ्याच्या नावावर, प्रवास बायकोचा.

वीसलोखला त्या औषधाच्या दुकानापाशी आज बेर्थाचं स्मारक आहे, आणि २००८ पासून ही संपूर्ण वाट तिच्या नावानं पाट्या लावून आखलेली आहे. चाकणला मर्सिडीज-बेंझ गाड्या जुळवल्या जातात. त्या पट्ट्यात आयुष्य गेलेल्या निवृत्त माणसाला हे ठिकाण किल्ल्यापेक्षा जवळचं वाटलं तर नवल नाही. त्यानं स्मारकाचे फोटो काढले. ती मात्र गाडी उभी करण्याच्या चकतीशी झटत होती. निळ्या पुठ्ठ्याची ती चकती काचेआड ठेवायची, आणि तिच्यावर आल्याची वेळ लावायची ती घड्याळातली नव्हे, पुढच्या अर्ध्या तासाची. अकरा-पाचला आलात तर साडेअकरा. पंचवीस मिनिटं सरकारकडून भेट. तिला हे फार आवडलं. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नागरिकानं स्वतःच वेळ लावायची आणि सरकारनं ती खरी मानायची, हे काही चिंचवडच्या ‘पे अँड पार्क’मध्ये बघायला मिळत नाही.

इंधन भरणं हा आणखी एक प्रसंग. आपल्याकडे पंपावरचा मुलगा “झिरो बघा, काका” म्हणतो आणि काका मान डोलावतात. तिथे स्वतः उतरायचं, नळी स्वतः उचलायची, भरून झाल्यावर आत जाऊन आपल्या पंपाचा क्रमांक सांगून पैसे द्यायचे. टाकीच्या झाकणावर पेट्रोलची खूण आहे की डिझेलची हे तीनदा वाचायचं. जर्मनीत ‘झूपर’ म्हणजे पेट्रोल. फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, आणि त्या शब्दानं फसणारे दरवर्षी निघतातच. तिथल्या ‘ई-टेन’मध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. सांगली-कोल्हापूरच्या उसानं आपल्या टाकीतलं प्रमाण वीसवर नेलंय, त्यामुळे निदान या बाबतीत मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही. महामार्गावर इंधन संपून गाडी थांबली तर मात्र दंड होतो. टाकी भरलेली ठेवणं ही चालकाचीच जबाबदारी मानतात.

आता हिशेबी वाचक विचारेल: शेंगेन व्हिसाला ९० युरो, त्यात किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, गाडीचं रोजचं भाडं, हॉटेल, आणि व्हिसाच्या दिवसांत उतरण्याचा नि निघण्याचा दिवसही मोजतात. अशा महागड्या दिवसांतले तीन दिवस गल्लीबोळांत घालवायचे?

हो, घालवायचे. कारण न घालवलेल्यांचा खर्च नंतर येतो. इटलीतल्या जुन्या शहरांत रहिवाशांशिवाय इतरांना गाडी न्यायला बंदी असलेले भाग असतात. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते, वर गाडीच्या कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर ४० फ्रँकचा वर्षाचा परवाना नसेल तर तो आणि वर दंड. ही माहिती कुठेही मिळते. पण शिणलेल्या, घाईतल्या, दुपारी चारच्या आत किल्ला गाठायचाच या ईर्षेनं चालवणाऱ्या माणसाला समोरची पाटी दिसत नाही. नियम माहीत असूनही चुकणारे बहुधा एक्सेल शीटच्या मागे लागलेले असतात.

घाई न करण्याचं टोकाचं उदाहरण हवं असेल तर ते एका लेखकाचं आहे. आर्जेन्टिनाचे हूलिओ कोर्तासार आणि त्यांची पत्नी कॅरल डनलप १९८२ च्या मे महिन्यात पॅरिसहून मार्सेयला निघाले. पावणेआठशे-आठशे किलोमीटरचा महामार्ग, एका दिवसाचं काम. त्यांनी ठरवलं की महामार्ग सोडायचा नाही, प्रत्येक विश्रांतीच्या थांब्यावर थांबायचं, दिवसाला दोनच थांबे घ्यायचे आणि दुसऱ्यावर मुक्काम करायचा. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपत, टाइपरायटरवर लिहीत ते महिन्याहून जास्त दिवसांनी मार्सेयला पोचले. दोघंही तेव्हा आजारी होते. कॅरल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेली, कोर्तासार १९८४ मध्ये. त्यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात मार्सेय शहराला फारशी जागा नाही. चिंचवडच्या जोडप्यानं एवढं टोक गाठावं असं कुणी म्हणणार नाही. पण तीन दिवसांत दीडशेएक किलोमीटर हे काही फार कमी नाही, हे या उदाहरणावरून पटायला हरकत नाही.

एक स्पष्ट सांगायला हवं. हा उद्योग सगळ्यांसाठी नाही. ज्यांनी भारतात शहराबाहेर गाडी चालवणं सोडलंय, त्यांनी ते तिकडे जाऊन सुरू करू नये. मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांची किरणं फाकतात अशांनी अंधारात चालवू नये. सुदैवानं जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. वयाची पंचाहत्तरी जवळ आली असेल तर गाडी आरक्षित करण्याआधी कमाल वयाची अट विचारून घ्यावी, काही ठिकाणी ती असते. आणि ज्यांना खरोखर फक्त स्थळंच बघायची आहेत त्यांच्यासाठी तिथली रेल्वे आहे, आपल्या टूर कंपन्याही आहेत. त्यात कमीपणा काही नाही.

पण ज्यांना जायचंच आहे त्यांनी पहिल्या रात्रीची खोली विमानतळाजवळ घ्यावी आणि गाडी दुसऱ्या दिवशी ताब्यात घ्यावी. दोन्ही नावं पहिल्याच दिवशी करारावर घालावीत. दुसरं नाव टाळून दिवसाला जे पैसे वाचतात ते उपाहारगृहातल्या एका जेवणाएवढे असतात आणि तेवढ्यासाठी घरातला एक चांगला चालक तीन आठवडे नकाशा धरून बसतो.

सोमवारी परतताना श्वेत्सिंगनच्या बाजूला रस्त्याकडेच्या लाकडी टपरीवर त्यांनी पांढऱ्या शतावरीची जुडी आणि स्ट्रॉबेऱ्या घेतल्या. हा भाग शतावरीसाठी नावाजलेला, आणि तिचा हंगाम २४ जूनला संपतो. शतावरी म्हटल्यावर आपल्याला आठवतो तो शतावरी कल्प; तिथे तिची बटाट्यांबरोबर भाजी खातात. गाडी ती चालवत होती. टपरीपासून रस्त्यावर येताना वायपर फिरले. तो काही बोलला नाही, आणि लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या माणसाकडून ही मोठी प्रगती मानायला हवी.

रात्री मुलीचा फोन आला. तिनं शीट उघडून विचारलं, किल्ला झाला? मानहाइम झालं? स्ट्रासबुर्गला कधी निघताय? दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आई-बाबांना तिकीट काढून देणाऱ्या, विम्याची कागदपत्रं भरणाऱ्या, रोज न चुकता फोन करणाऱ्या मुलांना म्हणून एक विनंती. पहिले तीन दिवस त्यांना ‘आज काय काय पाहिलं’ असं विचारू नका. विचारायचंच असेल तर आज गाडी कुणी चालवली, एवढं विचारा.